सहा मैलांची मुभा

सायकल मला बाबांनीच घेऊन दिली आणि तिच्या पुढच्या चाकाला पहारेकरीही त्यांनीच बसवला. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक निवृत्त इंग्रज प्रोफेसर राहायचे. ते मायदेशी परत जायला निघाले तेव्हा त्यांनी घरातलं होतं नव्हतं ते अंगणात मांडून विकायला काढलं. त्यात ही हिरवी, तीन गिअरची, भक्कम मडगार्डांची सायकल होती. बाबांनी ती घरी आणून गॅरेजमध्ये उलटी उभी केली, आरे कसले, चेन धुऊन तेल घातलं, आणि सगळ्यात शेवटी आसाजवळ काडेपेटीच्या निम्म्या आकाराचं एक यंत्र लावलं. आऱ्यावर एक पिन बसवली. चाकाची एक फेरी झाली की पिन त्या यंत्राला टिचकी मारणार आणि यंत्र मैल मोजणार. "लायब्ररी तीन मैल. जाऊन-येऊन सहा," बाबा म्हणाले. "रोजचा आकडा सहाच्या वर जाता कामा नये." मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मी चक्क थँक यू म्हटलं. त्या थँक यूचा मला अजून राग येतो.

मोजणं हा बाबांचा धंदा होता. आधी मिरजेकडे बांधकाम खात्यात, मग इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी एका कंपनीत, जन्मभर त्यांनी रस्तेच मोजले. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला भारतातून आलेलं मराठी कॅलेंडर असायचं. दर महिन्याचं पान, दर दिवसाचा चौकोन. तिकडे लोक त्या चौकोनांत दुधाचं मांडतात. इथे दूधवाला नाही, म्हणून बाबांनी चौकोनांना वेगळं काम लावलं. संध्याकाळी गॅरेजमध्ये वाकून ते यंत्र वाचायचे, आजच्या आकड्यातून कालचा वजा करायचे आणि चौकोनात शाईने लिहायचे: ६. कधी ५.९. रविवारच्या काही चौकोनांत पेन्सिलने बारीक आणखी काही आकडे असायचे. ते गाडीच्या पेट्रोलचं काहीतरी असेल असं समजून आई आणि मी कधी तिकडे पाहिलं नाही. ज्या घरात सगळंच लिहून ठेवतात तिथे कोणी वाचत बसत नाही.

ही सगळी नाकेबंदी माझ्यासाठी नव्हती, ताईच्या वाट्याची होती. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबांनी तिला सोळाव्या वर्षी लायसन्स काढू दिलं, स्वतः शेजारी बसून गाडी शिकवली आणि युनिव्हर्सिटीत घातलं. तिसऱ्या वर्षाला शिक्षण अर्धवट टाकून तिने पॉलशी कोर्टात लग्न केलं आणि डोंगरापलीकडच्या खोऱ्यात त्याच्या आईवडिलांच्या डेअरी फार्मवर राहायला गेली. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी बाबा ओरडले नाहीत, त्यांनी ताट सरकवलं नाही. जेवण पुरं केलं, हात धुतले आणि म्हणाले, "या घरात तिचं नाव निघणार नाही." ते निघालं नाही. मला मात्र लायसन्स काढायला बंदी झाली, शाळा ते घर पिवळी बस, आणि उरलेल्या वेळाला हे सहा मैल.

गावातल्या पाच-सात मराठी घरांना सांगायचं काय, हा प्रश्न बाबांनी परस्पर सोडवला. ताई कॅलिफोर्नियाला शिकायला गेली, असं त्यांनी घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या एका पॉटलकमध्ये सांगून टाकलं. "अय्या, कॅलिफोर्नियात कुठे? आमचा भाचा सनीव्हेलला असतो! त्याला फोन नंबर देऊ का तिचा?" असं एका काकूंनी विचारलं तेव्हा आईच्या हातातला मसालेभाताचा डाव हवेतच राहिला. "तिथे अजून फोन लागला नाहीये," आई म्हणाली. वर्षभर लागला नाही. काकूंना ते खरं वाटत नसणार हे आता कळतं. तेव्हा वाटायचं, आपण किती बेमालूम खोटं बोलतो! चौदा मैलांवरची मुलगी आम्ही तीन हजार मैल लांब नेऊन ठेवली होती.

सगळ्यात जास्त अडकली होती ती आई. तिला गाडी येत नव्हती. आमच्या वस्तीतून बस जात नसे, रस्त्याला चालायला कड नव्हती, आणि साडी नेसून रस्त्याच्या बाजूने चालणारी बाई दिसली की गाड्या थांबवून लोक विचारायचे, "आर यू ओके?" दोनदा असं झाल्यावर आईने चालणं सोडलं. दिवसभर घरात वॉशिंग मशीनची घरघर, कुकरच्या शिट्ट्या आणि खिडकीबाहेर शेजाऱ्याचं गवत कापण्याचं यंत्र. आई खिडकीशी उभी राहून पोळ्या लाटायची आणि समोरच्या डोंगराच्या लांबलचक रांगेकडे बघायची. त्या रांगेपलीकडे ताई आहे हे तिला माहीत होतं. रविवारी बाबा "गाडी धुऊन आणतो" म्हणून दीड-दोन तास बाहेर जायचे. परत आलेल्या गाडीच्या चाकांवर चिखल असायचा. "अहो, धुतलेली गाडी अशी दिसते होय?" आई एकदा चेष्टेने म्हणाली होती. बाबा म्हणाले, "तिथे लाइन होती." आम्ही तेही सोडून दिलं.

प्रोफेसरांच्या सायकलच्या पिशवीत एक जुनी पुस्तिका निघाली होती. इंग्लंडच्या डोंगराळ भागातले सायकलचे निवांत रस्ते. मी ती पाठ होईपर्यंत वाचली. दगडी पुलावरून डावीकडे, चर्चच्या मागून चढ, इथे मोठा रस्ता टाळा, तिथे उतरून सायकल ढकलावी लागेल, त्यात कमीपणा नाही. सायकल ढकलण्यात कमीपणा नाही असं सांगणाऱ्या माणसावर माझा लगेच विश्वास बसला. अंथरुणात पडून मी त्या कधी न पाहिलेल्या वाटांवरून फिरायचे. मग एक दिवस लायब्ररीत आमच्या जिल्ह्याचा मोठा नकाशा उघडला आणि तशीच एक वाट स्वतःसाठी काढली: हायवे टाळून, लायब्ररीच्या मागच्या रस्त्याने, डोंगराच्या खिंडीतून, पलीकडच्या खोऱ्यात. ती कुठे पोचते हे कागदावर लिहायची माझी हिंमत झाली नाही.

ताईचा फोन यायचा शनिवारी सकाळी. रस्त्यांची कामं चालू असत तोवर बाबा शनिवारी सकाळी आठला साइटवर जायचे ते तीनला परत. मे महिन्यात एकदा असाच फोन आला. ताई हळूच म्हणाली, "आई, मला ना, भाकरी आणि मेथीची भाजी खावीशी वाटतेय. सारखी. रडू येतं इतकी." आईने फोन ठेवला आणि मला विचारलं, "सायकलवर चौदा मैल म्हणजे किती वेळ?" मी पिनेबद्दल बोलले. आईने गॅरेजमध्ये येऊन यंत्र नीट पाहिलं, सुरी धार लावायला देताना बघावी तसं, आणि म्हणाली, "ही पिन जरा वळवली की टिचकी बसणार नाही. आण तो स्क्रूड्रायव्हर." तेवीस-चोवीस वर्षांच्या संसारात बाबांविरुद्ध तिने केलेली ही पहिली गोष्ट असावी. निदान मला माहीत असलेली पहिली.

दर शनिवारी मी ताईला डबा पोचवायचा, त्याची रीत अशी ठरली. लायब्ररीपर्यंत तीन मैल पिन जागेवर. लायब्ररीच्या भिंतीमागे ती वळवायची आणि पुढे जायचं. परत येताना तिथेच ती पूर्ववत करायची, म्हणजे घरापर्यंतचे तीन मिळून सहा. पिन वळवली की चाकातली टिकटिक थांबायची. त्या शांततेसारखं सुख मला नंतर फार कमी वेळा मिळालं. आधी मक्याची शेतं, मग मोटारी न वापरणाऱ्या, काळ्या टोप्या घातलेल्या आमिश लोकांच्या घोडागाड्या, मग ओढ्याकाठची थंडगार झाडी, आणि तिथून अडीच मैल नुसता चढ. पहिल्या गिअरमध्येसुद्धा मांड्या भरून यायच्या. वरच्या निम्म्या मैलात मी उतरून ढकलायचे, कमीपणा न मानता. खिंडीत पोचलं की पलीकडचं खोरं एकदम पायाशी दिसायचं, लाल कोठारं आणि चाऱ्याचे उंच सायलो. आता माझा एक गुडघा स्टीलचा आहे आणि डॉक्टर मला सपाटीवर चाला म्हणतात. ती खिंड मी आता गाडीने चढते तेव्हाही वरच्या वळणावर श्वास लागतो, गुडघ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ताई फाटकाशी उभी असायची, पॉलचा शर्ट घालून, पोट पुढे आलेलं. डबा घेऊन ती आधी झाकण उघडून वास घ्यायची, मग मला जवळ घ्यायची. आधी डबा मग बहीण, हे मी तिला अजून ऐकवते. निघताना मात्र ती डबा रिकामा देत नसे. आईने लहानपणापासून शिकवलेलं, दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. शिक्षण सोडलं, घर सोडलं, पण हे तिला सोडवेना. कधी आंबट चेरी, कधी अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून, कधी शेजारच्या आमिश बाईने दिलेली दुधी भोपळ्याची कोवळी फळं. आई ती फळं हातात घेऊन उगाच पुसत बसायची. चेरीचा तिने मुरांबा केला. बाबांनी पोळीशी खाल्ला, आणखी मागून घेतला आणि विचारलं, "चेरी कुठून आणल्या?" "अनूने आणल्या, लायब्ररीशेजारी एक बाई विकत होती," आई माझ्याकडे बघून म्हणाली. बाबांनी चमचा चाटला. त्यांनी मुरांब्याची बाटली आठ दिवसांत संपवली.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी परत येताना खिंडीत पाऊस लागला. आमच्या बाजूचा उतार अडीच मैलांचा, शेवटाला घोड्याच्या नालेसारखं वळण. चार महिने दर शनिवारी मी तो उतार ब्रेक धरून उतरत होते आणि ब्रेकचे रबर झिजून पार कागद झाले होते, हे माझ्या गावीही नव्हतं. दोन्ही ब्रेक आवळले. सायकलने जरासुद्धा वेग कमी केला नाही. वळणाच्या तोंडाशी समोरून घोडागाडी आली. गाडीतल्या म्हाताऱ्याने लगाम ओढला, घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, आणि मी रस्त्याकडेच्या चारीत गेले. म्हाताऱ्याने मला उभं केलं, कोपराला स्वतःचा रुमाल बांधला, डबा शोधून हातात दिला. डब्याला पोचा आला होता आणि आतली अंडी फुटली होती. मला रडू आलं ते अंड्यांसाठी. ती कोंबड्यांच्या खुराड्यातून ताईने वाकून, दमत काढली होती.

बाकीचं अंतर मी सायकल हातात धरून चालले. घरी पोचले तर साडेतीन वाजून गेले होते. बाबा गॅरेजच्या दारात उभे होते. त्यांनी माझा कोपर पाहिला, चिखल पाहिला, डबा पाहिला. "कुठे पडलीस?"

"लायब्ररीच्या स्लोपवर. इट्स नथिंग, बाबा."

ते वाकले. यंत्र वाचलं. बोटाने पुसून पुन्हा वाचलं. पिन पूर्ववत करायला मी साफ विसरले होते. "तीन," बाबा म्हणाले. "हे म्हणतंय तू गेलीस, पण परत आलेली नाहीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी मागच्या ब्रेकवरून अंगठा फिरवला, उठले, आत जाऊन कॅलेंडरपाशी काहीतरी लिहिलं आणि गॅरेजला कुलूप लावलं. मला शिक्षा नाही, प्रश्न नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी सगळं सांगून मोकळी झाले असते. त्यांनी ती सोय ठेवली नाही.

त्या पुढचे तीन आठवडे मला आयुष्यातले सगळ्यात लांब वाटतात. शाळा, पिवळी बस, खोली. आई तर कॅलेंडरकडे बघायचीही टाळायची. महिन्याच्या शेवटी शनिवारी फोन आला, या वेळी पॉलचा. पॉलला मराठी येत नव्हतं आणि आईला फोनवरचं इंग्लिश समजत नसे, पण "गर्ल" आणि "बोथ फाइन" एवढं तिला कळलं. ती जमिनीवरच बसली. "पहिलं बाळंतपण," ती म्हणाली, "आणि मी इथे भांडी घासत बसलेय." मग उठली आणि कपाटातून डिंक काढला. पिस्कॅटवे गावच्या देशी दुकानातून एका काकूंकडून मागवून तिने तो केव्हाचा लपवून ठेवला होता.

पण लाडू करायला धीर हवा, तो यायला आठवडा गेला. शुक्रवारी दुपारी तिने डिंक तळायला घेतला. तुपात टाकला की तो फुलतो, तडतडतो, आणि त्याचा वास भिंतींत शिरतो. खारीक, खोबरं, खसखस, गूळ. संध्याकाळी बाबा आले ते दारातच थबकले. कोटही न काढता त्यांनी विचारलं, "डिंकाचे?"

"हो. थंडी सुरू झाली ना," आई पाठ न वळवता म्हणाली.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला डिंकाचा लाडू बाळंतिणीसाठी असतो हे कोणी सांगावं लागत नाही. मग बाबा गॅरेजमध्ये गेले. रात्री जेवायला उशिरा आले, हात काळे झालेले होते.

सकाळी सायकल दारात उभी होती. धुतलेली. दोन्ही ब्रेकचे चारही रबर नवेकोरे. मी धावत स्वयंपाकघरात आले. आई कॅलेंडरपाशी उभी होती. तिने बारशाचे बारा दिवस मोजायला मागचं, सप्टेंबरचं पान उलटलं होतं आणि तिचं बोट एका चौकोनावर थांबलं होतं. मी पडले त्या शनिवारचा चौकोन. शाईने ३. त्याखाली पेन्सिलने, बारीक: २८.४.

"हा आकडा कुठला गं?" आईने विचारलं. "तुझं मशीन तर तीन म्हणत होतं."

मी मनात निम्मे केले. चौदा पूर्णांक दोन जायला, तेवढेच यायला. तो आकडा फक्त गाडीच्या मीटरवर मिळू शकत होता. आईचं बोट सरकलं. आधीच्या रविवारी २८.४. ऑगस्टचं पान: रविवार, २८.४. जुलै. जून. मे. आम्ही ज्याला पेट्रोल समजत होतो तो खिंडीतून ताईच्या फाटकापर्यंतचा माझाच रस्ता होता.

मला रडू आलं, मला वाटलं बाबांना मिठी मारावी. आई रडली नाही. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. "गाडी होती यांच्याकडे," ती म्हणाली. "दर महिन्याला जाऊन येत होते. एकटे. आणि मी त्या खिडकीत उभी राहून डोंगर बघत होते." तिने लाडवांचा तो पोचा आलेला डबा घेतला, साडीवर कोट चढवला, बूट घातले, बाहेर गेली, गाडीचं पुढचं दार उघडून आत बसली आणि दार लावून घेतलं. डबा मांडीवर.

बाबा त्या दिवशी कामावर गेले नव्हते. ते हॉलमध्ये पेपर वाचत होते. खिडकीतून गाडी दिसत होती आणि गाडीतली आई दिसत होती. पेपरचं एक पान त्यांनी अर्धा तास धरलं. मी बाहेर जाऊन काचेवर टकटक केली. "आई, किती वेळ बसणार आहेस?"

तिने काच दोन बोटं खाली केली. "वर्षभर घरात बसले, आता इथे बसते."

दहाला बसली होती. अकरा वाजून गेल्यावर बाबा बाहेर आले, किल्ली हातात. त्यांनी गाडी सुरू केली. मला कोणी ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. मी सायकलवर टांग टाकली. लायब्ररीच्या भिंतीपाशी पोचल्यावर सवयीने थांबले, पिनेकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. त्या दिवशी सबंध डोंगरभर चाक टिकटिकत होतं.

फार्मवर पोचले तेव्हा गाडी फाटकाच्या अलीकडे, पत्रपेटीशी उभी होती. आई आत गेली होती. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, इंजिन बंद. त्या जागेचं गवत चाकांखाली दबून पिवळं पडलं होतं. म्हणजे ते दर वेळी इथेच थांबत असणार, इथूनच परत फिरत असणार. घरातून बाळाच्या रडण्याचा बारीक आवाज येत होता. मी सायकल टेकवली. बाबा समोर बघत म्हणाले, "त्या वळणावर आधी मागचा ब्रेक धरायचा. पुढचा नाही."

"हो, बाबा."

"तू सरळ आत जा. तुला काही अडचण नाही."

अडचण त्यांनाही नव्हती. फाटक उघडं होतं. पण जेवणाच्या ताटावर एकदा बोलून गेलेलं वाक्य त्या फाटकात आडवं पडलं होतं आणि ते ओलांडणं त्यांना काही केल्या जमेना. बंदी आम्हाला होती असं मी समजत होते. त्या दुपारी त्यांना असं गाडीत बसलेलं पाहिलं आणि माझा राग गेला नाही, पण त्याला बसायला जागा उरली नाही.

आई तासाभराने आली, डोळे सुजलेले, आणि डबा बाबांच्या मांडीवर ठेवला. रिकामा नव्हता. मी झाकण उघडून पाहिलं. ताईने आत चेरीच्या मुरांब्याची बाटली ठेवली होती, तिने स्वतः केलेली. फोनवर आईने तिला कधीतरी सांगितलं असणार की बाबांनी आठ दिवसांत बाटली संपवली.

"तुमच्या वळणावर गेलीय," आई बाळाबद्दल म्हणाली. "जाऊन बघा."

बाबांनी फाटकाकडे पाहिलं. मग गाडी सुरू केली. ते त्या दिवशी आत गेले नाहीत, पुढची दोन वर्षंही नाहीत. पण डबा त्यांनी मांडीवरून मागच्या सीटवर ठेवू दिला नाही. चौदा मैल एका हाताने गाडी चालवली, असं आईने नंतर सांगितलं.

मी अंधार पडायच्या आत घरी पोचले. पहिल्यासारखं बाबा गॅरेजमध्ये वाकले, यंत्र वाचलं, आत गेले. या वेळी मी मागोमाग गेले. त्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी २८.४ लिहिलं, शाईने, ठळक, जसं पूर्वी सहा लिहायचे. ते पान माझ्याकडे आहे.